वाक्य कोठे संपते? : शालेय लेखनातील अपूर्ण आणि सलग वाक्यांचे अध्यापन

१. प्रश्नाचे स्वरूप

तिसरी-चौथीच्या मुलांच्या निबंधाच्या वह्यांतून 'वाक्यरचना सुधारा' हा शेरा वारंवार आढळतो. नेमके काय सुधारायचे, हे या दोन शब्दांतून मुलाला कळत नाही. पुढील निबंधात तोच दोष पुन्हा येतो आणि तोच शेरा पुन्हा पडतो. हा दोष प्राथमिक शाळेपुरता राहत नाही. पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनाही तो चांगलाच परिचयाचा आहे. त्यामुळे हा केवळ प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न आहे असे मानून विद्यापीठीय मराठी विभागांना अंग काढून घेता येणार नाही.

या एका शेऱ्याखाली बहुधा दोन भिन्न दोष एकत्र झालेले असतात. पहिला अपूर्ण वाक्याचा. 'पाऊस थांबल्यावर.' किंवा 'ज्या मुलाची सायकल हरवली होती.' एवढ्यावर मूल पूर्णविराम देते आणि वाचक मात्र ताटकळत राहतो. दुसरा दोष याच्या उलट दिशेचा. त्यात अनेक पूर्ण वाक्ये विराम किंवा योग्य जोड न देता एकापुढे एक लिहिली जातात. त्यांना येथे 'सलग वाक्ये' म्हटले आहे. अध्यापनासाठी रचलेला पुढील नमुना पाहावा : 'आम्ही जत्रेला गेलो तिथे खूप गर्दी होती माझा भाऊ हरवला आई रडायला लागली मग पोलीसकाका आले त्यांनी त्याला आणलं'.

दोन्ही दोषांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : वाक्य कोठे संपते, हे मुलाने ओळखावे कशावरून? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की मराठीत वाक्याच्या समाप्तीची सर्वांत ठळक खूण क्रियापदाच्या शेवटात असते, आणि अंतिम कसोटी वाचकाच्या मनात काही अपेक्षा शिल्लक राहते की नाही ही असते. या दोन गोष्टी मुलाला प्रत्यक्ष दाखवता येतात. वाक्याची रूढ व्याख्या मात्र या कामी फारशी उपयोगी पडत नाही.

२. व्याख्येची अडचण

पूर्ण अर्थ व्यक्त करणारा शब्दसमूह म्हणजे वाक्य, अशा आशयाची व्याख्या शालेय व्याकरणातून शिकवली जाते. विद्वानांच्या चर्चेत तिची काही उपयुक्तता असेल. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र ती फसवी ठरते. जत्रेला जाणे, भाऊ हरवणे आणि सापडणे हा सर्व प्रसंग त्याच्या दृष्टीने एकच पूर्ण अर्थ आहे. तो त्याने एकाच दमात लिहिला, तर व्याख्येचे पालनच केले असे म्हणावे लागेल. 'पूर्ण' म्हणजे किती, हे व्याख्या सांगत नाही.

दुसरा मार्ग इंग्रजी शालेय व्याकरणाच्या वळणाने आलेला आहे. कर्ता आणि क्रियापद दोन्ही असतील तर वाक्य पूर्ण, यांपैकी एक नसेल तर अपूर्ण, असा हा निकष. मराठीत तो टिकत नाही. 'उद्या येतो.' या वाक्यात कर्ता उच्चारलेला नाही, तरी ते पूर्ण आहे. क्रियापदाचे रूपच तो सुचवते. 'हा माझा भाऊ.', 'शेजारी विहीर.' यांत क्रियापद नाही, तरी ऐकणारा अडत नाही. उलट 'आई बाजारातून भाजी घेऊन आल्यावर' यात कर्ता आहे, कर्म आहे, क्रियावाचक शब्द आहेत, लांबीही पुरेशी आहे. तरी वाक्य अपुरे आहे. कर्ता-क्रियापद मोजण्याची सवय लागलेले मूल पहिल्या तीन वाक्यांना चूक आणि चौथ्याला बरोबर ठरवील.

स्वल्पविरामाविषयीही हेच म्हणता येईल. दोन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे हा इंग्रजीच्या औपचारिक लेखनात सहसा दोष मानला जातो. मराठीत 'तो आला, बसला, पाणी प्यायला आणि निघून गेला.' ही निर्दोष रचना आहे. कर्ता तोच, काळ तोच आणि क्रियांची मालिका अखंड, म्हणून ती वाचकाला पेलते. सलगपणा दोषास्पद होतो तो बहुधा कर्ता न सांगता बदलतो तेव्हा. कर्ता गाळण्याची मुभा मराठीत असल्यामुळे, वाक्याची सीमा हरवली की 'हे कोणी केले?' याचे उत्तरही हरवते.

३. परंपरेतील दोन आधार

वाक्याच्या सीमेचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. पाणिनीच्या सूत्रांवरील वार्तिकांत कात्यायनाने वाक्याची ओळख एका तिङन्त पदाशी, म्हणजे एका आख्यातरूपाशी जोडली. पूर्वमीमांसेत जैमिनीने वेगळी कसोटी सांगितली. जो पदसमूह एका प्रयोजनाने बांधलेला आहे आणि ज्याचे तुकडे केले असता ते साकांक्ष राहतात, तो एक वाक्य, असा तिचा आशय आहे. ही चर्चा ज्या संदर्भात आली तो लक्षात घेण्याजोगा आहे. ऋचेला छंदाची मर्यादा असते. यजुर्मंत्र गद्य असल्यामुळे एक मंत्र कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे ठरवण्याची अडचण मीमांसकांपुढे होती. आपले अनुभव प्रथमच गद्यात लिहिणाऱ्या मुलापुढची अडचण जातीने तीच आहे.

या दोन आधारांपैकी पहिला रूपाकडे पाहतो, दुसरा अपेक्षेकडे. वर्गात दोन्ही हवेत. मुलाने लिहिलेल्या मजकुराचा एक तुकडा वेगळा काढावा. तो तुकडा काही मागत असेल, तर तो वाक्याचा अंश आहे. दोन्ही तुकडे काहीच मागत नसतील, तर त्यांच्यामध्ये सीमा आहे. अपूर्ण वाक्य आणि सलग वाक्य यांना लागू पडणारी ही एकच कसोटी आहे, हा तिचा मोठा लाभ होय.

मराठी लेखनाचा इतिहासही याच निष्कर्षाला पुष्टी देतो. मोडी लिपीतील कागदपत्रांत सर्वसाधारणपणे शब्द सुटे केलेले नसत आणि आजच्यासारखी विरामचिन्हेही नसत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. विरामचिन्हांची पद्धतशीर ओळख मेजर थॉमस कॅन्डी यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' या १८५० च्या पुस्तिकेतून करून दिली. त्यापूर्वीही मराठी पत्रे आणि हिशेब लिहिले जात होते, वाचले जात होते. पूर्णविराम नसताना वाचणाऱ्याला वाक्याचा शेवट सापडे, तो प्रामुख्याने क्रियापदामुळे. पूर्णविराम ही सीमेची नोंद आहे. सीमा त्याच्या आधीच ठरलेली असते. 'पूर्णविराम द्यायला विसरू नकोस' ही सूचना म्हणूनच अपुरी ठरते. जी सीमा मुलाला दिसलेलीच नाही तिची नोंद ते करणार कशी?

४. उघडे आणि मिटलेले क्रियापद

मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ने (१९११) स्थिर केलेल्या मांडणीत आख्याते आणि धातुसाधिते यांचा भेद तपशिलाने येतो. ताख्यात, लाख्यात, वाख्यात ही नावे मुलांना शिकवण्याची गरज नाही; त्यांमागील भेद मात्र शिकवलाच पाहिजे. त्यासाठी 'मिटलेले क्रियापद' आणि 'उघडे क्रियापद' हे दोन सोपे शब्द पुरतात.

'गेला', 'जातो', 'जाईल', 'जावे', 'जात होता' ही मिटलेली रूपे. 'जाऊन', 'जाताना', 'गेल्यावर', 'गेल्यामुळे', 'जायला', 'जाण्यासाठी', 'गेलेला' ही उघडी रूपे. उघड्या रूपानंतर काहीतरी यावेच लागते. लहान मुलांना हा भेद हाताने दाखवता येतो : शिक्षकाने रूप उच्चारावे, मुलांनी उघड्या रूपाला पंजा आणि मिटलेल्या रूपाला मूठ दाखवावी. प्रत्ययांची यादी पाठ करण्यापेक्षा असा सराव लवकर अंगवळणी पडेल.

तथापि एवढ्यावर भागत नाही. 'तो आला की', 'पाऊस पडतो तेव्हा', 'मला बरे नव्हते म्हणून' यांत क्रियापद मिटलेले आहे, पण त्यापुढील शब्दाने दार पुन्हा उघडले आहे. 'जर', 'जरी', 'जेव्हा', 'जो', 'जिथे' हे शब्द दार आधीच उघडून ठेवतात. 'तर', 'तरी', 'तेव्हा', 'तो', 'तिथे' आल्यावाचून ते बंद होत नाही. प्रारंभी दिलेल्या 'ज्या मुलाची सायकल हरवली होती' या उदाहरणात नेमके हेच घडले आहे. म्हणून मुलाने स्वतःला क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. येथे मिटलेले क्रियापद आहे का? त्याच्या मागे किंवा पुढे दार उघडे ठेवणारा शब्द आहे का? हा तुकडा एकटाच वाचला, तर ऐकणारा 'पुढे?' असे विचारील का?

तिसरा प्रश्न निर्णायक आहे. 'हा माझा भाऊ.' यात मिटलेले क्रियापद नाही, पण 'पुढे?' असेही कोणी विचारत नाही. म्हणून ते वाक्य आहे. या प्रश्नामुळे आणखी एक गुंता सुटतो. 'सकाळची वेळ. दाट धुके. रस्त्यावर चिटपाखरू नाही.' अशी वर्णने पाठ्यपुस्तकांतील ललित पाठांत मुले वाचतात. लेखकाचे तुटक वाक्य बरोबर आणि आपले चूक, हा न्याय त्यांना अनाकलनीय वाटतो. कारण सांगितले तर तो अन्याय राहत नाही. 'दाट धुके.' हे संदर्भात निराकांक्ष आहे, 'धुके पडल्यामुळे.' हे नाही. आखूडपणा हा दोष नव्हे. वाचकाला वाटेत सोडून देणे हा दोष आहे.

५. दुरुस्ती : पूर्णविराम पुरेसा नाही

सलग वाक्य ओळखल्यावर ते दुरुस्त करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रत्येक मिटलेल्या क्रियापदापाशी पूर्णविराम. 'आम्ही जत्रेला गेलो. तिथे खूप गर्दी होती. माझा भाऊ हरवला. आई रडायला लागली. मग पोलीसकाका आले. त्यांनी त्याला आणलं.' यात व्याकरणाचा दोष उरलेला नाही. परंतु गर्दी आणि हरवणे यांतील कार्यकारणसंबंध मुलाच्या मनात असूनही कागदावर आलेला नाही. 'तिथे इतकी गर्दी होती, की माझा भाऊ हरवला.' असे लिहिताच तो येतो. दुरुस्ती करताना कोणती दोन वाक्ये एकमेकांची आहेत, हे मुलाला ठरवावे लागते, आणि तेथेच खरे शिक्षण आहे.

शिक्षक बहुधा सुचवतात तो दुसरा उपाय '-ऊन' प्रत्ययाचा. 'मी घरी गेलो मी हात धुतले मी जेवलो' याऐवजी 'घरी जाऊन हात धुऊन मी जेवलो'. ही मराठीची स्वाभाविक लकब आहे. अशा साखळीमुळे वाक्य कितीही लांबले तरी ते एकच राहते. मात्र येथे एक खाचखळगा आहे. '-ऊन' रूपाचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता सामान्यतः एकच असावा लागतो. 'शाळेतून घरी येऊन आईने मला खाऊ दिला.' या वाक्यात शाळेतून आई आली असा अर्थ होतो. मुलाला म्हणायचे असते ते 'मी शाळेतून घरी आल्यावर आईने मला खाऊ दिला'. 'पाऊस पडून पीक वाहून गेले' यासारख्या रचना अपवाद आहेत. तेथे एका नैसर्गिक घटनेतून दुसरी घटना निर्माण होते. सलग वाक्याच्या दुरुस्तीसाठी '-ऊन' शिकवताना कर्त्याची ही अट न सांगितल्यास एक दोष जाऊन दुसरा, अधिक छुपा दोष येतो. कर्ता तोच असेल तर '-ऊन'. कर्ता बदलत असेल तर '-ल्यावर', 'तेव्हा' किंवा पूर्णविराम. हा नियम पाचवीच्या मुलाला समजण्यासारखा आहे.

संवाद लिहिताना अडचण आणखी वाढते. 'आई म्हणाली आधी अभ्यास कर मी म्हटलं नंतर करतो बाबा हसले' या ओळीत एका वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य आहे. केवळ पूर्णविरामांनी ते सुटत नाही. बोललेले शब्द अवतरणचिन्हांत घेतले, की उरलेल्या मजकुराची सीमा आपोआप दिसू लागते : 'आई म्हणाली, "आधी अभ्यास कर." मी म्हटलं, "नंतर करतो." बाबा हसले.' सलग लेखनाची उदाहरणे तपासताना त्यांत कोणाचे बोलणे मिसळले आहे का, हे आधी पाहिल्यास शिक्षकाचे पुष्कळ श्रम वाचतील.

६. बोलणे, लिहिणे आणि प्रश्नपत्रिका

मुलाचे सलग वाक्य हा विचारांचा गोंधळ असतो असे समजण्याचे कारण नाही. तोंडी कथनात 'अन् मग', 'तर', 'ना' अशा शब्दांनी, स्वराच्या चढउताराने, श्वासाने आणि हातवाऱ्यांनी वाक्याच्या सीमा स्पष्ट होतात. लिहिताना यांतील स्वर, श्वास आणि हात गळतात. शब्द तेवढे उरतात. घरी किंवा ओट्यावर उत्तम गोष्ट सांगणारे मूल वहीत सलग लिहिते, ते याच कारणाने. त्याच्यापाशी नसते ती कागदावरची खूण. त्याची भाषाच अशुद्ध आहे असे त्याला सांगितले गेले, तर ते बोलणेही आवरते घेते.

'मोठ्याने वाचून पाहा, म्हणजे चूक कळेल' हा सल्ला उपयुक्त आहे, पण सर्वांना सारखा उपयुक्त नाही. प्रमाण मराठीच्या जवळची बोली घरी ऐकणाऱ्या मुलाचा कान त्याला साथ देतो. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी घरातून आलेल्या मुलाला मराठी वाक्याची लय उपजत माहीत नसते. त्याला क्रियापदाच्या शेपटीकडे बोट दाखवणेच अधिक न्याय्य होय. रूपाची खूण डोळ्यांना दिसते. तिच्यासाठी विशिष्ट घरी जन्मावे लागत नाही.

काही दोषांना शाळेची स्वतःची पद्धतही कारणीभूत होते. 'शेतकरी दुःखी का झाला?' या प्रश्नाला 'कारण पाऊस पडला नाही.' हे उत्तर संभाषणात पूर्ण आहे, कारण त्याची आकांक्षा प्रश्नाने भागवलेली आहे. वहीत तेच अपूर्ण ठरवले जाते. ही लेखनाची रूढी आहे : उत्तर वाचणाऱ्यापुढे प्रश्न असेलच असे नाही, म्हणून तो उत्तरात सामावून घ्यावयाचा. एवढे सांगितले तर मूल ती रूढी पाळते; नुसता 'अपूर्ण' हा शेरा मात्र त्याच्या भाषाज्ञानालाच खोटे पाडतो. याउलट 'एका वाक्यात उत्तरे लिहा' ही परिचित सूचना सलग वाक्यांना आमंत्रण देते. सांगण्यासारख्या तीन गोष्टी आहेत आणि पूर्णविराम दिला तर 'एक वाक्य' मोडेल, अशा पेचात सापडलेले मूल पूर्णविरामच टाळते. उत्तर थोडक्यात हवे असेल तर 'थोडक्यात लिहा' असे म्हणावे. वाक्यांची संख्या हे आशयाचे माप नव्हे.

७. वर्गातील क्रम

वरील विवेचनावरून अध्यापनाचा पुढील क्रम सुचतो. पहिली पायरी संपूर्ण तोंडी असावी. शिक्षकाने 'पाऊस पडल्यामुळे…', 'जो मुलगा रोज उशिरा येतो…' असे अर्धे तुकडे उच्चारावेत, मुलांनी 'पुढे?' असे विचारावे आणि तुकडा पुरा करावा. मध्येच 'आज शाळेला सुट्टी' असा पूर्ण तुकडाही टाकावा, म्हणजे मुले नुसती लांबी किंवा क्रियापद पाहून उत्तर देणार नाहीत. दुसऱ्या पायरीत विरामचिन्हे काढून टाकलेला पाच-सहा वाक्यांचा परिचित परिच्छेद फळ्यावर लिहावा. मुलांनी मिटलेली क्रियापदे अधोरेखित करून सीमा वाटेल तेथे उभी रेघ मारावी. जुन्या पोथ्यांतील दंडाची आठवण येथे मुद्दाम करून देता येईल. मतभेद होतील तेथे दोन्ही बाजूंनी कारणे मागावीत.

तिसऱ्या पायरीत एकच सलग परिच्छेद निरनिराळ्या गटांना द्यावा आणि पूर्णविराम, जोडशब्द, '-ऊन' किंवा '-ल्यावर', आणि अवतरणचिन्हे या चार साधनांनी तो दुरुस्त करण्यास सांगावे. गटांची उत्तरे वेगवेगळी येतील. त्यांतील बरोबर उत्तरे एकाहून अधिक असतात, हे मुलांना कळणे हेच या पायरीचे फलित. स्वतःच्या वहीतील दुरुस्ती शेवटी यावी. तपासताना पानभर लाल रेघा मारण्याऐवजी समासात 'पुढे?' किंवा उभी रेघ एवढीच खूण करून दुरुस्ती मुलावर सोपवावी. 'वाक्यरचना सुधारा' या शेऱ्याने जे सांगता येत नाही, ते या दोन खुणांनी सांगता येते.

८. समारोप

या अध्यापनात एक धोका कायम राहतो. सीमेची भीती बसलेले मूल चार शब्दांपलीकडे जात नाही. 'माझी शाळा मोठी आहे. माझी शाळा सुंदर आहे. मला माझी शाळा आवडते.' असा निबंध निर्दोष असतो, त्याला गुणही मिळतात. पण शाळा का आवडते, हे सांगणारे 'कारण' त्यात नसते. दोष गेले आणि त्यांच्याबरोबर विचारही गेला, अशी ही स्थिती. सलग लिहिणाऱ्या मुलापाशी निदान सांगण्यासारखे काहीतरी असते.

म्हणून अपूर्ण आणि सलग वाक्यांच्या अध्यापनाचे यश चुकांच्या घटत्या संख्येवरून मोजता येणार नाही. मुलाला हवे तेथे थांबता येते का, आणि न थांबता लांब वाक्य शेवटापर्यंत नेता येते का, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतील. त्यासाठी शिक्षकाला क्रियापदाची रूपे, आकांक्षेचे तत्त्व आणि मुलाची बोली या तिहींची जाण हवी. ती जाण देणारे व्याकरण पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवले जाते. तेथून तिसरीच्या वर्गापर्यंतची वाट मात्र अजून पुरेशी रुळलेली नाही. ती रुळवण्याची जबाबदारी मराठी विभागांनी आपली मानली पाहिजे.